घर घेताना घर कोण पाहतो?

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली गेली. तिचा रोख खर्चावर आणि मनस्तापावर असला, तरी तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. घर बांधणारा आणि त्या घरात राहणारा माणूस एकच आहे, हे ते गृहीतक. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पुण्यात ज्यांनी सहकारी गृहरचना संस्थेच्या प्लॉटवर दोन-तीन खोल्या उभ्या केल्या, त्यांना ते लागू पडत होते. सिमेंट परवान्यावर मिळण्याच्या त्या काळात मालक स्वतः पोती मोजून घेई, सुट्टीच्या दिवशी वीट वाजवून पाही आणि कचेरीला जाण्यापूर्वी नव्या भिंतीवर पाणी मारून जाई. त्याला स्थापत्यशास्त्र येत नसे. परंतु आपल्या भिंतीच्या पोटात काय गेले आहे, हे त्याला ठाऊक असे.

आज मध्यमवर्गीय माणूस घर बांधत नाही, ते विकत घेतो. किंबहुना, पुष्कळदा अद्याप अस्तित्वात नसलेले घर तो विकत घेतो. गुढीपाडवा आणि दसरा जवळ आला की वृत्तपत्रांची पाने ज्या जाहिरातींनी भरून जातात, त्यांत पोहण्याचा तलाव असतो, बगीचा असतो, संगमरवरी प्रवेशकक्ष असतो. न्हाणीघराच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर नीट दिला आहे की नाही, हे मात्र कोणतीही जाहिरात सांगत नाही. जे डोळ्यांना दिसते त्याला किंमत मिळते. जे फरशीखाली, गिलाव्याआड आणि काँक्रीटच्या आत असते त्याला मिळत नाही. घर घेणाऱ्याच्या बहुतेक दुःखांचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

पाणसळ आणि धनादेश

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, अभियंता नव्हे. तथापि या विषयातील पहिला धडा त्याला कोणत्याही ग्रंथातून मिळालेला नाही. काही वर्षांपूर्वी शहराच्या दक्षिणेकडील एका उपनगरात आम्ही सदनिका घेतली. ताबा घेण्याच्या दिवशी वडिलांचे एक स्नेही, सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, हौसेने बरोबर आले. येताना त्यांनी पिशवीतून एक जुनी पाणसळ आणली होती. इतर मंडळी खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचे कौतुक करीत असताना काकांनी न्हाणीघरात एक तांब्या पाणी ओतले. पाणी मोरीकडे न जाता संथपणे दाराकडे निघाले. विकासकाच्या प्रतिनिधीने हसून ‘वापरात आलं की बसेल ते, सर’ असे सांगितले. काका म्हणाले, ‘अहो, पाणी ढाळाकडे जातं. माहितीपत्रक वाचून ते दिशा बदलत नाही.’

काकांचे निदान अचूक होते. परंतु त्याचा उपयोग शून्य होता. कारण शेवटचा धनादेश आम्ही आदल्याच आठवड्यात दिला होता, वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला होता आणि जुन्या भाड्याच्या घराची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. ‘सदनिका समाधानकारक स्थितीत मिळाली, कोणतीही तक्रार नाही’ या छापील मजकुराखाली मी सही केली. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरील शेजारी आपल्या छतावरील ओलीचा डाग दाखवायला वर आले. पुढचे दीड वर्ष पत्रव्यवहारात गेले आणि अखेरीस फरशी आम्ही आमच्याच खर्चाने उखडली. घराची तपासणी कोणी करावी हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण ती केव्हा करावी हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, हे त्या दीड वर्षात मला कळले.

चार शिक्के, एकही पाहणी नाही

‘इतक्या ठिकाणी तपासणी होते, मग आणखी एक कशाला?’ असे सुशिक्षित ग्राहकही विचारतो. बँकेने कर्ज मंजूर केले आहे, महापालिकेने भोगवटा पत्र दिले आहे, प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे आणि वकिलाने कागदपत्रे पाहिली आहेत. हे चारही शिक्के आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांतील प्रत्येक शिक्का कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहिले पाहिजे.

वकील मालकीहक्क निर्वेध आहे काय, हे पाहतो. बँकेचा मूल्यनिर्धारक दोन गोष्टी पाहतो : हप्ता देण्याइतके काम पुढे गेले आहे काय, आणि कर्ज थकल्यास ही सदनिका विकून रक्कम वसूल होईल काय. तो बँकेचा माणूस आहे आणि बँकेच्या पैशांची काळजी वाहतो. भिंतीतील ओलीमुळे बँकेचे तारण बुडत नाही. भोगवटा पत्राचा अर्थ बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे असा असतो, आणि त्यासाठी वास्तुविशारदाचे व संरचना अभियंत्याचे दाखले आधारभूत धरले जातात. या दोघांचीही नेमणूक विकासकाने केलेली असते. महारेराची नोंदणी ही प्रकल्पाविषयीची माहिती जाहीर करण्याची सक्ती आहे, आणि ती फार मोलाची सक्ती आहे. परंतु ती माहिती भरणारा विकासकच असतो. तुमच्या सदनिकेत येऊन खिडकीच्या चौकटीभोवतीची फट पाहणारा अधिकारी त्या व्यवस्थेत नाही.

चारही शिक्के खरे आहेत आणि चारही जण आपापले काम करीत आहेत. तरीही ज्याने आयुष्यभराची कमाई घातली त्याच्या बाजूने घर पाहणारा माणूस या चौघांत एकही नाही. गृहतपासणी म्हणतात ती ही उणीव भरून काढण्यासाठी. ग्राहकाने नेमलेल्या, ग्राहकाकडूनच मोबदला घेणाऱ्या जाणकाराने घर डोळ्यांनी, हातांनी आणि काही साध्या उपकरणांनी पाहून लेखी अहवाल देणे, एवढाच तिचा अर्थ आहे.

अर्थशास्त्र काय सांगते

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. २००१ साली त्यांना जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याच्या मुळाशी हाच निबंध होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक मोटारीला ‘बरीवाईट’ धरून सरासरी किंमत देऊ करतो. चांगली मोटार असलेल्याला ती किंमत परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. उरतो तो निकृष्ट माल. माहितीची ही विषमता दूर झाली नाही, तर बाजार चांगल्याला हाकलतो आणि वाईटाला ठेवून घेतो.

पुण्यातील घरांच्या बाजाराला हा सिद्धान्त लावून पाहावा. समजा, एका विकासकाने बाहेरच्या गिलाव्याला पुरेसे दिवस पाणी मारले, गच्चीचे वॉटरप्रूफिंग काळजीपूर्वक केले आणि प्रत्येक न्हाणीघरात पाणी तुंबवून चाचणी घेतली. त्याचा खर्च वाढला. परंतु ग्राहकाला फरक दिसत नसल्याने भाव तेवढाच राहिला. शेजारच्याने तेच पैसे वाचवून प्रवेशद्वारी कारंजे बसवले आणि त्याच्या सदनिका आधी संपल्या. पुढील प्रकल्पात पहिला विकासक काय करील, हे सांगायला अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाही. तेव्हा गृहतपासणी ही बांधकाम व्यवसायावरील अविश्वासाची खूण मानणे चूक आहे. न दिसणाऱ्या गुणवत्तेला भाव मिळवून देणारी ती यंत्रणा आहे, आणि प्रामाणिक विकासकाला तिचा सर्वांत जास्त लाभ आहे.

पंच्याण्णव टक्क्यांनंतरचा हक्क

आता ‘केव्हा’ या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून स्थावर संपदा अधिनियमाची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. राज्याच्या नियमांबरोबर जो आदर्श करारनामा आला, त्यात विकासकाने कोणत्या टप्प्याला जास्तीत जास्त किती रक्कम घ्यावी याचे कोष्टक आहे. करारनामा झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५, सर्व स्लॅब झाल्यावर ७०, आतील गिलावा, फरश्या, दारे-खिडक्या झाल्यावर ७५, पुढे नळकाम, बाहेरचा गिलावा अशा पायऱ्यांनी ८५, आणि उद्‌वाहन व वीजजोडणीच्या टप्प्याला ९५. उरलेले ५ टक्के भोगवटा पत्रानंतर ताबा देताना.

टप्प्यांशिवाय पैसे उकळण्याच्या जुन्या पद्धतीला या कोष्टकाने आळा घातला, हे मान्य केले पाहिजे. तथापि ग्राहकाच्या बाजूने त्याकडे पाहिले की दुसरे चित्र दिसते. साठ लाखांच्या सदनिकेत प्रथमच मोकळेपणाने पाऊल टाकून ग्राहक जेव्हा भिंत न्याहाळतो, तेव्हा त्याचे सत्तावन्न लाख देऊन झालेले असतात. करारनाम्याच्या नोंदणीच्या वेळीच, महापालिका हद्दीतील सात टक्क्यांच्या दराने, चार लाख वीस हजारांचे मुद्रांक शुल्क आणि वर तीस हजारांची नोंदणी फी गेलेली असते. कर्जाचे हप्ते आणि भाडे दोन्ही चालू असतात. हातात राहिलेले असतात फक्त तीन लाख, आणि तेही ताब्याच्या आधी भरण्याची सूचना आलेली असते. दोष सापडला तरी सौदा मोडण्याची शक्ती ग्राहकात उरलेली नसते. उरते ती फक्त विनंती.

याउलट, अमेरिकेतील रूढ पद्धतीत सौदा ठरल्यानंतर काही दिवसांची मुदत खरेदीदाराला मिळते. त्या अवधीत त्याचा तपासनीस घर पाहतो आणि अहवाल वाईट आला तर खरेदीदार किंमत कमी करून मागू शकतो किंवा माघार घेऊ शकतो. मोठी रक्कम अद्याप त्याच्याच खात्यात असते. तेथील गृहतपासनिसांची संघटना १९७६ पासून काम करीत आहे आणि पुष्कळ राज्यांत या व्यवसायाला परवाना लागतो. स्कॉटलंडने २००८ च्या डिसेंबरपासून आणखी पुढची पायरी गाठली : घर विक्रीला काढण्यापूर्वीच सनदी सर्व्हेअरचा पाहणी अहवाल विक्रेत्याने तयार ठेवला पाहिजे. अर्थात तेथेही सर्व आलबेल आहे असे नाही. महासाथीच्या काळात अमेरिकेत घरांची टंचाई झाली, तेव्हा सौदा हातचा जाऊ नये म्हणून असंख्य खरेदीदारांनी तपासणीचा हक्क आपण होऊन सोडून दिला. गरजू माणूस हक्क विकून टाकतो. म्हणूनच असा हक्क कायद्याने पक्का करावा लागतो, हा त्यातील बोध.

कायद्याचे बळ आणि त्याच्या कडा

आपल्याकडे कायदा अगदीच दुबळा आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्याखालील ‘सेवा’ असल्याचा निर्वाळा दिला. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, त्या पुण्याला हे विशेषत्वाने आठवावे. राज्याच्या १९६३ च्या सदनिका कायद्यात दोषदुरुस्तीची मुदत तीन वर्षांची होती. २०१६ च्या अधिनियमाच्या १४ व्या कलमाने ती ताब्यापासून पाच वर्षे केली. संरचनेतील दोष असो की कारागिरीतील, तो लक्षात आणून दिल्यापासून तीस दिवसांत विकासकाने विनामूल्य दूर केला पाहिजे, अन्यथा भरपाई दिली पाहिजे.

परंतु या संरक्षणाला कडा आहेत. आदर्श करारनाम्यानुसार ग्राहकाने विकासकाच्या लेखी संमतीशिवाय न्हाणीघर वा स्वयंपाकघरातील नळकामात बदल केले आणि त्यातून गळती झाली, तर दोषदायित्व संपुष्टात येते. नव्या घरात राहायला जाण्यापूर्वीच फरश्या बदलण्याची आपल्याकडील हौस ध्यानात घेता ही अट किती जणांना भोवत असेल, याची कल्पना करावी. अनेक करारनाम्यांत केसासारख्या बारीक भेगा ‘दोष’ मानल्या जाणार नाहीत, असेही लिहिलेले असते. ताब्याच्या दिवशीची स्थिती तारीखवार, छायाचित्रांसह नोंदलेली नसेल, तर तीन वर्षांनी उमटलेली ओल मूळची की मागाहूनची, हा वाद सुरू होतो. तेव्हा तपासणीचा अहवाल हा त्या दिवशीच्या दुरुस्तीपुरता नसतो. पुढील पाच वर्षांचा तो पुरावा असतो.

जुनी सदनिका घेणाऱ्याची स्थिती अधिक नाजूक आहे. त्याला विकासकाची नवी हमी नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम विक्रेत्यावर दोष सांगण्याचे बंधन घालते. पण कोणते दोष? विक्रेत्याला ठाऊक असलेले, खरेदीदाराला ठाऊक नसलेले आणि खरेदीदाराला साधारण दक्षता घेऊनही कळले नसते असे महत्त्वाचे दोष. म्हणजे नव्या रंगाआडचा जो डाग डोळसपणे पाहिल्यास दिसला असता, त्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर. जुन्या घराची तपासणी म्हणूनच विसार देण्यापूर्वी व्हायला हवी. विसारानंतर ती केवळ आपल्या चुकीची मोजदाद ठरते.

काय पाहावे

नव्या सदनिकेत प्रथम फीत घेऊन चटई क्षेत्र मोजावे. करारनाम्यातील आकड्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरलेला असतो. क्षेत्र कमी भरल्यास पैसे परत मागता येतात. न्हाणीघराची मोरी बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवावे आणि खालच्या सदनिकेचे छत पाहावे. फरश्यांवर लाकडी दांडक्याने हलके ठोकावे. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही असे समजावे. खिडकीच्या उंबऱ्याचा ढाळ बाहेरच्या बाजूला असावा. पश्चिमेकडील भिंती शक्य तर पावसाळ्यात पाहाव्यात. चार-आठ दिवसांची झड पडून गेल्यावर घर जे बोलते, ते उन्हाळ्यात बोलत नाही. वीजफलकावरील गळतीरोधक खटका चाचणीचे बटण दाबताच पडतो की नाही आणि प्रत्येक खोलीत अर्थिंग आहे की नाही, हे विजेच्या जाणकाराकडून पाहून घ्यावे.

भेगांविषयी घबराट नको आणि बेफिकिरीही नको. वीटकाम आणि काँक्रीट जेथे मिळतात तेथे गिलाव्यावर उमटणारी बारीक रेष बहुधा निरुपद्रवी असते. परंतु खांबावर किंवा तुळईवर तिरकी वा रुंद होत जाणारी भेग दिसली, तर तेथे तपासनिसाने थांबावे आणि संरचना अभियंत्याला बोलवावे. जुन्या इमारतीत तळमजल्यावरील वाहनतळाच्या खांबांकडे आधी पाहावे. गिलावा फुगला असेल, तांबूस ओघळ दिसत असतील, तर आतील सळया गंजू लागल्या आहेत. संस्थेकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. इमारतीला तीस वर्षे झाल्यावर अशी तपासणी महापालिका कायद्यानेच बंधनकारक आहे. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींची ती दर पाच वर्षांनी व्हायला हवी.

शेवटची गोष्ट पुणेकरांनी तरी विसरू नये. तपासणी सदनिकेच्या दाराशी संपत नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर या शहराच्या स्मरणात आहे. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केले आणि २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत जे केले, ते ताजे आहे. ओढा कोठे आहे, पूररेषा कोठून जाते, वाहनतळ तिच्या वर आहे की खाली, हे संगमरवराच्या आधी पाहावे. तसेच सीमाभिंतही पाहावी. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या मजुरांच्या निवाऱ्यावर कोसळली आणि १५ माणसे गेली. संकुलाची प्रत्येक भिंत केवळ आतील रहिवाशांची नसते.

तपासणीच्या मर्यादा

इतके सांगितल्यावर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अर्ध्या दिवसाच्या पाहणीत काँक्रीटच्या आतील सळई मोजता येत नाही. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधील एका उच्चभ्रू संकुलाच्या मनोऱ्यात मजल्यांचे भाग एकावर एक कोसळले आणि दोन जीव गेले. पुढे दिल्लीच्या आयआयटीच्या पाहणीनंतर तो मनोरा राहण्यास असुरक्षित ठरला. असे दोष फरशी वाजवून कळत नाहीत. त्यासाठी काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचण्यांची बांधकामकाळातील नोंदवही लागते, उपकरणे लागतात, आणि मुख्य म्हणजे साऱ्या इमारतीचा विचार करावा लागतो.

येथे अर्थशास्त्रातील दुसरी अडचण पुढे येते. खांब, गच्ची, पाण्याची टाकी, उद्‌वाहन, अग्निशमन यंत्रणा या सर्वांच्या सामाईक गोष्टी आहेत. त्यांच्या तपासणीचा खर्च एकट्याने केला, तर लाभ शंभर कुटुंबांना होतो. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि कोणीच तपासणी करीत नाही. तीच शंभर कुटुंबे ताब्यापूर्वी एकत्र आली, तर एका चांगल्या संरचना अभियंत्याचा खर्च प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा येतो. वास्तुशांतीच्या जेवणावळीत एका पंगतीला लागतो, त्याहून तो जास्त नसावा.

तपासनीस कोण, हाही प्रश्न आहे. पुण्यात अलीकडे हा व्यवसाय रुजू लागला आहे, ओलावामापक आणि उष्णतादर्शक कॅमेरे घेऊन काम करणारी मंडळी आहेत आणि एका मध्यम सदनिकेचे काम काही हजार रुपयांत होते. परंतु या व्यवसायाला परवाना लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो. तेव्हा ग्राहकाने तीन गोष्टी विचाराव्यात : त्याचे शिक्षण व अनुभव काय, विकासकाशी वा दलालाशी त्याचा देण्याघेण्याचा संबंध आहे काय, आणि तो स्वतःच दुरुस्तीची कामे घेतो काय. दोष शोधून त्याच्या दुरुस्तीचे कंत्राट मागणाऱ्याचा अहवाल निःपक्षपाती मानता येत नाही.

ज्यांच्याजवळ तपासणीची ऐपत नाही, त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाचमजली ‘तारिक गार्डन’ इमारत कोसळून १६ जण मरण पावले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारमध्ये एक अनधिकृत इमारत कोसळून १७. यांतील एकही इमारत पिढ्यांपूर्वीचा वाडा नव्हती. शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांवर उठणाऱ्या, भोगवटा पत्राचा पत्ता नसलेल्या इमारतीत स्वस्त म्हणून घर घेणाऱ्याला कोणताही तपासनीस वाचवू शकत नाही. तेथे पाहणी करण्याचे कर्तव्य शासनाचे आहे, आणि ते ग्राहकाच्या अंगावर ढकलता येणार नाही.

करावे काय

नोंदलेल्या प्रकल्पांपुरते मात्र दोन बदल सहज शक्य आहेत. आदर्श करारनाम्यात ताब्यापूर्वी, भोगवटा पत्रानंतर, स्वतःच्या तज्ज्ञासह पाहणी करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहावा आणि तो सोडून देण्याची तरतूद कोणत्याही करारात वैध नसावी. भोगवटा पत्रानंतर ताबा घेण्यास ग्राहकाला दोन महिन्यांची मुदत अधिनियमाने दिलेलीच आहे. त्या अवधीत ही पाहणी बसते. दुसरे, शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी विकासकाच्या हाती न देता स्वतंत्र खात्यात ठेवावेत आणि दोषांच्या यादीची पूर्तता झाल्यावर ते मोकळे करावेत. क्षुल्लक सबबी सांगून ग्राहक पैसे अडवतील, असा आक्षेप विकासक घेतील, आणि तो निराधार नाही. त्यावर उपाय हाच की यादी नोंदणीकृत तपासनिसाने प्रमाणित केलेली असावी आणि पूर्ततेला तीस दिवसांची मर्यादा असावी. तपासनिसांची अशी नोंदणी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या साहाय्याने महारेराला करता येण्यासारखी आहे.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती एक साधे शस्त्र आहे. ‘तक्रार नाही’ या छापील वाक्याखाली सही करण्यापूर्वी, त्याच कागदावर स्वतःच्या अक्षरात दोषांची यादी लिहावी, तारीख घालावी आणि प्रत मागून घ्यावी. असे करणाऱ्याला ‘कटकट्या’ म्हटले जाते. पुण्यात हे विशेषण कोणाला नवे नाही आणि त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. भिंतीवर पाणी मारून कचेरीला जाणारा जुना मालकही कटकट्याच होता. म्हणूनच तशा मालकांनी उभ्या केलेल्या भिंतींपैकी कित्येक अजून कोरड्या आहेत.